मागच्या शिमग्यातला आठशे वर्षांचा दगड

हे कोणाला खरं वाटणार नाही. आजवर वाटलेलं नाही, आणि ज्या एक-दोघांना वाटलं त्यांच्या अकलेची मला कीव आली. पण मास्तर, तुम्ही शाळेवर नवीन आहात, परतूरच्या गाडीला अजून पाऊण तास आहे, आणि फाट्यावरच्या निळ्या पाटीचं तुम्हीच विचारलंत. 'प्राचीन वीरगळ, खापरवाडी, १ कि.मी.' असं लिहिलंय तिच्यावर. तेव्हा ऐका.

याकूब, मास्तरांना चहा दे. माझ्या कपातही ओत, आणि ओतताना दात काढू नको. ती कोपऱ्यात तोंडाला पदर गुंडाळून बसलेली बाई आहे ना, तिला बाकडं सरकव. उन्हाची आलीय. गाठोडं ठेवलं तेव्हा धप्प वाजलं, काय दगड भरलेत कोण जाणे. माझ्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहेत, मास्तर. मला माणूस आकारानं कळतो, तोंडानं नाही. त्यामुळे गावातल्या बऱ्याच तोंडांपासून सुटका झाली.

ही शाल बघा. हात लावून बघा, लाजू नका. एवढ्या उन्हातही मी ती खांद्यावरून काढत नाही. भर मांडवात, साहेबाच्या समोर, खरं बोललो म्हणून ही अंगावर पडली. हा श्रीपती जन्मभर थापा मारत आला आणि शाल मिळाली ती खरं बोलल्याबद्दल. आता सांगा, कोण मानेल?

आधी खापरवाडी काय आहे ते समजून घ्या. खापरवाडी काहीच नाही. जालना जिल्ह्याच्या नकाशावर माशी बसली तर गाव झाकलं जातं आणि माशी उठली तरी दिसत नाही. आमच्याकडे बघण्यासारखं म्हणाल तर एक पाण्याची टाकी आहे, बांधल्या दिवसापासून कलती. एक सार्वजनिक संडास आहे. उद्घाटनाला कुलूप लावलं, किल्ली कोणाकडे आहे यावर दोन निवडणुका झाल्या. निजामाच्या काळात एक मोजणीदार आला होता म्हणतात. त्याला गावात घोटभर पाणी मिळालं नाही, तेव्हा तो गाव न मोजताच निघून गेला. एवढा आमचा इतिहास.

आमचे सरपंच राधेश्याम. सगळे त्यांना शेठ म्हणतात. कापसाचा काटा त्यांचा, खताचं दुकान त्यांचं, सोयाबीनचं गोदाम त्यांचं, आणि गाव उरलेलं. त्यांचा पुतण्या ऋषी कॉम्प्युटर शिकून इंग्लंडला गेला. शहरात घर परवडेना म्हणून तिथल्या एका खेड्यात राहिला. इथल्या खेड्यातून पळाला आणि सात समुद्र ओलांडून खेड्यातच जाऊन पडला! पण शेठ सांगताना 'आमचा ऋषी लंडनला' असंच सांगायचे.

त्या ऋषीनं एक पुस्तिका पाठवली. गुळगुळीत कागद, बारा पानं, रंगीत फोटो. त्या इंग्रजी खेड्याचा इतिहास आणि तिथली प्रेक्षणीय स्थळं. खेडं केवढं? दोनशे ऐंशी डोकी. आमच्या एका गल्लीत तेवढी पोरं असतात. शेठनी पारावर सगळ्यांना बसवलं, ऋषीला फोन लावला, आणि ऋषी एकेक पान मराठीत सांगू लागला.

पान पहिलं. चर्च. आठशे वर्षांचं, मनोरा वाकडा. आमच्या टाकीसारखा. पान दुसरं. तळं, त्यात बदकं. बदकं किती, तर अकरा. तळ्याच्या काठी पाटी, पाटीवर बदकांची माहिती. पान तिसरं. दगडाची डोण. पूर्वी घोडे तिथं पाणी प्यायचे. आता घोडे नाहीत, पाणी नाही, डोणीत फुलझाडं लावलीत आणि ती ऐतिहासिक आहे. पान चौथं. फोनची लाल खोली, आत फोन नाही. पान पाचवं. एका कुत्र्याच्या आठवणीत ठेवलेलं बाकडं.

आणि सहाव्या पानावर तर मला ठसका लागला. तीनशे-साडेतीनशे वर्षांखाली एक राजा लढाईत हरून पळत होता. तो रात्री या गावावरून गेला. थांबला नाही.

"थांबला नाही?" मी फोनमध्ये ओरडलो.

"नाही आबा. पण गेला इथूनच."

"पाणी तरी प्याला?"

"तसा पुरावा नाही."

मास्तर, आमच्या गावावरून तहसीलदार महिन्यातून चारदा जातो आणि एकदाही थांबत नाही. आम्ही कधी पुस्तिका काढली?

पण शेठ हसत नव्हते. ऋषीनं खरी गोष्ट शेवटी सांगितली. त्या खेड्याच्या मंडळाला हिंदुस्थानातलं एक बहीणगाव हवं होतं. इतिहास असलेलं, जुनं काही जपणारं. निवडलेल्या गावच्या सरपंचाला ते आठ दिवस तिकडे पाहुणा म्हणून बोलावणार होते. अर्जासोबत सरकारी माणसाचा दाखला लागणार होता, की गावात अमुक एक जुनी वस्तू आहे.

त्या रात्री शेठला झोप आली नसणार. सकाळीच ते माझ्या ओट्यावर.

"आबा, आपल्या गावात जुनं काय हे?"

"मी," मी म्हणालो.

"मजाक नका करू. काही घडलंच नसंल का इथं? लढाई, गिढाई?"

"घडवायची असंल तर घडवू."

ते बसले. गुडघ्यावर हात ठेवून बसले, घाई असली की ते तसे बसतात. मी तंबाखू मळली आणि तंबाखू मळून होईपर्यंत गावाला इतिहास दिला. देवगिरीच्या यादवांच्या वेळची गोष्ट. चोरटे गावाची गुरं हाकून नेत होते. रणबा नावाचा वीर एकटा घोड्यावर आडवा गेला, सतरा चोर कापले आणि अठराव्याच्या भाल्यानं पडला. गुरं परत आली. गावानं त्याचा वीरगळ उभारला. लढाईत पडलेल्या माणसाचा कोरीव दगड म्हणजे वीरगळ, मास्तर. असे दगड मराठवाड्यात गावोगाव आहेत. बाया त्यांच्यावर धुणं धुतात, म्हशी अंग घासतात. आमच्याच गावात नव्हता.

"किती वर्सं झाली म्हणायची?" शेठनी विचारलं.

"यादव म्हणजे सात-आठशे."

"आठशेच्या खाली नको. त्यांचं चर्च आठशेचं हे."

"मंग आपलं नऊशे करा."

"नऊशे नको आबा, खोटं वाटंल."

असा माणूस. आणि रणबा कोण म्हणाल, तर माझा बैल. डावं शिंग वाकडं होतं. त्यानं जन्मात कोणाची गुरं वाचवली नाहीत, उलट दोनदा दुसऱ्याच्या ज्वारीत सापडला. पण नाव चांगलं होतं, वाया का घालवा?

आता दगड. गावाच्या शेवटी, ओढ्याच्या वरच्या अंगाला, गायरानाच्या कडेला भिवा पाथरवटाचं घर होतं. घर म्हणजे तीन बाजूंनी दगडमातीच्या भिंती, चौथीकडे तट्ट्या, वर पत्रा. तिथं तो वीस वर्षं राहत होता. जात्याला, पाट्याला टाकी लावायची त्याची कामगिरी. पाटा गुळगुळीत झाला की मसाला वाटला जात नाही, मग त्याच्यावर छन्नीनं टाके मारून तो खरबरीत करायचा. भिवा आणि त्याची बायको वंदना गाढवावर हत्यारं टाकून गावोगाव फिरायची. पण घरोघरी मिक्सर आले, पाटे चुलीमागं पालथे पडले. गाढव होतं, काम नव्हतं.

भिवाला जगात एकच गोष्ट पाहिजे होती. घर ग्रामपंचायतीच्या नमुना आठवर आपल्या नावानं चढावं. वीस वर्षं तो अर्ज देत होता. ग्रामसेवक अर्ज घ्यायचा, त्याच्यावर भजी ठेवून खायचा. कागदावर घर नाही म्हणजे वीज नाही, घरकुल नाही, आणि कोणीही यावं आणि ऊठ म्हणावं. वंदना मला म्हणाली होती, "आबा, भित माझी, चूल माझी, पर इचारलं कुठं ऱ्हाता तर सांगायला घर न्हाई."

शेठनी भिवाला गोदामावर बोलावलं. मी होतोच. खुर्च्या तीन होत्या, बसलेले आम्ही दोघं. भिवा उंबऱ्याबाहेर उकिडवा.

"दगड कोरायचा. जुना दिसला पाह्यजे. झाला की तुझं घर आठवर चढवून देतो. बराबर?"

भिवा शेठकडे बघत नव्हता, माझ्याकडे बघत होता. "आबा, म्या माणूस कधी कोरला न्हाई. पाट्याला टाके मारतो. लई झालं तर उखळ."

"कोरशील. घोडा कोर, त्याच्यावर माणूस बसव. खाली मेलेले चोर. वरच्या भागात वीर स्वर्गात पिंडीची पूजा करतोय. आणि टोकाला चंद्र-सूर्य."

"घोडा जवळून बघितला न्हाई."

"वरातीत बघत न्हाईस?"

"वरातीत मी लई मागं ऱ्हातो, आबा. मला शेपूटच दिसतं."

शेठ हसले, मीही हसलो. भिवा हसला नाही. त्यानं विचारलं, "आठवर नाव माझं चढवताल का तिचं?"

"दोघांचंबी चढवू," शेठ म्हणाले आणि हात झटकून उठले.

ओढ्यात काळा दगड पडलेला होता, पुरुषभर उंच. तो भिवानं पहारीनं उलटा करत करत घराच्या दारापर्यंत आणला. दोनशे पावलांना दोन दिवस लागले. वंदना दगडाखाली लाकडी ओंडके सरकवायची, एक मागून काढायची, पुढं टाकायची. एकदा ओंडका निसटला आणि तिच्या करंगळीचं नख गेलं. चिंधी बांधून पुन्हा लागली.

शिमग्याचं ऊन होतं. पळसाला फुलं होती आणि बाकी कशालाच काही नव्हतं. मी रोज त्यांच्या दारात बाभळीखाली जाऊन बसायचो. वीर माझा होता, तो कसा होतोय हे बघायला नको? भिवा सूर्य उगवायच्या आधी सुरू करायचा, कारण नऊनंतर दगडाला हात लावता येत नव्हता. छन्नीचं टोक तासाभरात बोथट व्हायचं. वंदना भात्यावर कोळसे फुलवायची, छन्नी लाल करायची, ठोकायची, पाण्यात चर्र करून बुडवायची. चार छन्न्या फिरत्या होत्या. घरात प्यायला एक घागर आणि छन्न्यांना अर्धी, कारण टँकर तीन दिवसांनी यायचा.

पाचव्या दिवशी कपची उडाली ती भिवाच्या डोळ्यात. तो हातोडा टाकून खालीच बसला. डोळा उघडेना. वंदना भात्यावरून उठली, त्याचं डोकं मांडीवर घेतलं, पापणी दोन बोटांनी उलटी केली आणि जिभेच्या शेंड्यानं कपची काढली. थुंकली. मग त्याला म्हणाली, "ऊठ, छन्नी गार व्हतेय." मी बाभळीखाली बसलो होतो. मला तेव्हा काही गोष्ट सुचली नाही.

घोड्यासाठी भिवानं दारातलं गाढव उभं केलं. पुढचं समजलंच असेल, घोडा झाला पण कान गाढवाचे राहिले. मी म्हणालो, "कान कमी कर." तो म्हणाला, "कमी करायला गेलो तर डोकं जाईल." राहू दिले. पिंड कोरायची वेळ आली तेव्हा हाताला वीस वर्षांची सवय. खाली पाटा झाला, वर वरवंटा. वंदना लांब उभी राहून बघत होती.

"धनी, तिथं तर तुम्ही पाटाच मांडला."

"पिंड हाय ती."

"मंग तिच्याम्होरं बसून तुमचा वीर मिरच्या वाटतोय."

त्या घरात मी पहिल्यांदाच दोघांना हसताना ऐकलं.

बाविसाव्या दिवशी दगड पुरा झाला. भिवाची बोटं सुजून मिटत नव्हती, वंदना त्याला घास भरवायची. आता दगड जुना करायचा होता. आधी उकिरड्यात पुरला. महिन्यानं काढला, ताक चोपडलं, शेवाळ धरायला. म्हैस त्याला बांधली, ती दिवसभर अंग घासायची. नंतर वंदना त्याच्यावर धुणं धुवायला लागली, आपटून आपटून, दोन महिने. बायकांच्या धुण्यानं दगडाला जे वय येतं ते कोणत्या राजाला जमलं नाही.

पाऊस पडून दगडाला हिरवट रंग आला तेव्हा शेठ म्हणाले, आता देवळाजवळ नेऊन उभा करा. आठ माणसं लावली. दगड हलला, पण बैलगाडीचं जू मोडलं. शेठ पैसे काढायला तयार नव्हते, ट्रॅक्टरवाला फुकट यायला तयार नव्हता. तेव्हा मीच तोडगा काढला. म्हणालो, गोष्टच बदलू. रणबा देवळाजवळ पडला नाही. तो पडला गावाच्या शेवटी, ओढ्याच्या वरच्या अंगाला. जिथं पडला तिथंच दगड. भिवाच्या दारात.

सगळ्यांना पसंत. भिवालाही. वंदना तर म्हणाली, "बरंच झालं, लोक बघायला येतील, मी चहा इकीन." माझ्या एका वाक्यानं आठ माणसांची मेहनत वाचली. एवढी अक्कल गावात दुसऱ्या कोणाला आहे?

श्रावणात साहेब आले. कोणत्या खात्याचे ते मी सांगणार नाही, जुन्या वस्तू ओळखणारे. पांढरी गाडी, गळ्यात कॅमेरा, हातात पाण्याची बाटली. आमच्या गावचं पाणी त्यांनी हुंगलंसुद्धा नाही. शेठनी सकाळीच वंदनाला दोरीवरचं धुणं काढायला लावलं आणि गाढव ओढ्यापलीकडे बांधायला सांगितलं. गाढवाशेजारी दगडातला घोडा बघितला असता तर साहेबांनासुद्धा शंका आली असती. किंवा नसती आली. शिकलेल्या माणसाचं सांगता येत नाही.

साहेब दगडापुढं गुडघ्यावर बसले. बोट न लावता बोट फिरवलं.

"अश्वाच्या कर्णांची ही लांबी लक्षणीय आहे."

"लई लक्षणीय," शेठ म्हणाले.

"स्थानिक शैली असावी. आणि पिंडीचा हा प्रकार मी प्रथमच पाहतो. चौकोनी पीठ, आडवी शाळुंका."

वंदना दाराच्या आत पदर तोंडात कोंबून उभी होती. मी साहेबांना रणबाची गोष्ट सांगितली. सतरा चोरांना ते 'अंदाजे पंधरा ते वीस' म्हणून लिहून घेत होते. तेवढ्यात भिवा पुढं आला. दगडाच्या कडेला छन्नीचा एक टवका राहिला होता, तो त्यानं अंगठ्यानं पुसला. सवयीनं.

"ए! हात लावू नका!" साहेब ओरडले. "काय समजता? आठशे वर्षं टिकलंय ते तुमच्यासाठी नाही!"

भिवानं हात मागं घेतला. पाठीमागं बांधून उभा राहिला, चोरी केल्यासारखा.

साहेबांनी शाबासकी दिली, दाखला दिला, आणि दाखल्याखाली एक शेरा लिहिला. 'स्मारकाचा परिसर शंभर मीटरपर्यंत मोकळा करावा. लगतचे अतिक्रमण तात्काळ हटवावे.'

मास्तर, लगतचं म्हणजे काय? दगडापासून घराचा उंबरा साडेतीन पावलं.

टेप लावला गेला. ग्रामसेवकानं एक टोक दगडाला धरलं. भिवाचं घर साडेतीन पावलांत आलं. दुसरीकडे शेठचं गोदाम कोणत्याही शाळकरी पोरानं डोळ्यानं मोजलं तर ऐंशी मीटरवर. तिथं टेप एकशे दोन भरला. टेपसुद्धा माणूस बघून लांबतो.

भिवा शेठकडे गेला. शेठ काट्यावर कापूस जोखत होते.

"मालक, आठवर नाव चढवायचं बोलला व्हता."

"घर ऱ्हायलं तर नाव चढवीन ना. घरच जाऊन राह्यलं, त्याला मी काय करू? सरकारचा शेरा हे."

"पर दगड तर म्याच—"

"हळू बोल," शेठ म्हणाले. "सरकारला फसवलंस म्हून आत जाशील. एकटा."

मग तो माझ्याकडे आला. ओट्याखाली उभा राहिला. मी म्हणालो, बघू. दुसऱ्या दिवशी वंदना आली. ती बसली नाही. म्हणाली, "आबा, गोष्ट तुमची हाय. वीर तुमचा, जागा तुम्हीच सांगितली. तुम्ही बोलला तर ऐकतील. आमचं कोण ऐकतं?" मी म्हणालो, बघतो ना, बाई.

दसऱ्याला लोकार्पण ठेवलं. मांडव, कर्णा, साहेब पुन्हा आले. ऋषी इंग्लंडहून फोनच्या पडद्यावर, मागं ते अकरा बदकांचं तळं. दगडाला झेंडूची माळ. भिवाच्या घराच्या तट्ट्यावर शेठच्या फोटोचा फलक लावून घर झाकलं होतं. मांडवात जाजम होतं, भिवा आणि वंदना जाजम संपतं तिथं मातीत. मी पुढच्या रांगेत, साहेबांच्या डाव्या हाताला. पुढ्यात ताटलीत भाजलेल्या शेंगा.

ग्रामसेवकानं ठराव वाचला. आठ दिवसांत अतिक्रमण काढावे. हात वर करा. हात वर झाले. त्या घरातून ज्यांचे पाटे टाकी लावून गेले होते त्यांचेही झाले.

आणि भिवा उभा राहिला. हा माणूस ग्रामसभेत जन्मात बोलला नव्हता.

"साहेब, तो दगड म्या कोरलाय. मागच्या शिमग्यात."

मग मांडव असा हसला की कर्णा शिट्ट्या मारायला लागला. साहेबही हसले, पण दयाळूपणानं.

"तुम्ही? ही यादवकालीन शैली?"

"व्हय. घोडा न्हाई, ते माझं गाढव हाय. आन् ती पिंड न्हाई, पाटा-वरवंटा हाय. हिला इचारा. आबांना इचारा. गोष्ट आबांनी रचली, म्या कोरली. इचारा आबांना!"

सगळ्यांच्या माना माझ्याकडे वळल्या. साहेब वळले, शेठ वळले, फोनमधला ऋषी वळला.

मी उठलो, मास्तर. या वयात माझे गुडघे वाजतात. ते त्या दिवशी मांडवाच्या टोकापर्यंत वाजले. मी डोक्याचा पटका काढला, साहेबांपुढं ठेवला आणि म्हणालो, "साहेब, रणबा माझ्या बैलाचं नाव. डाव्या शिंगानं वाकडा. चोर नाहीत, लढाई नाही. ह्या माणसानं बावीस दिवस रक्त आटवून तो दगड घडवलाय. खोटा तो नाही, खोटा मी."

साहेबांनी चष्मा काढला. पुसला. पुन्हा घातला. त्यांनी भिवाला छन्नी आणायला लावली, एक टाका मारायला लावला, आणि टाक्याशेजारी टाका तंतोतंत जुळला. शेठचं तोंड जोखून टाकलेल्या सरकीसारखं झालं. साहेबांनी तिथल्या तिथं शेरा फाडला. ग्रामसेवकाकडून नमुना आठची वही मागवली आणि मांडवातच घर चढवलं, भिवा आणि वंदना, दोघांच्या नावानं. आणि शेठना म्हणाले, या म्हाताऱ्याचा सत्कार करा, गावात खरं बोलणारा हा एकच. तेव्हा ही शाल पडली अंगावर. भिवा तर माझ्या पायांवर डोकं ठेवून रडला. संध्याकाळी वंदनानं ज्वारीची भाकर आणि हिरव्या मिरचीचा ठेचा आणून दिला, पाट्यावर वाटलेला, मिक्सरचा नाही. तशी चव मी पुन्हा घेतली नाही.

घर आजही तिथंच आहे. दारात दगड, दगडाला गाढव बांधलेलं. वीजही आली. गाडी चुकली तर चला, आत्ता दाखवतो, एकच किलोमीटर—

"तिथं काय दावताल, आबा?"

कोण? याकूब, कोण बोललं ते?

"मी. वंदना. मघापासून तुमच्या पाठीमागंच बसलेय."

वंदना? तू इकडं कुठं?

"परतूरच्या बाजाराला पाटे इकायला चाललेय. गाडीसाठी थांबले तर तुम्ही माझं घर बांधून राह्यला. बांधा. मास्तर, तिथं घर न्हाई. आठ दिवस दिल्ते, सातव्या दिवशीच पाडलं. पत्रा शेठच्या गोदामावर हाय. हे अंकुशनगरला ऊस तोडतेत, आम्ही कारखान्यापाशी पालात ऱ्हातो. ह्यांच्या हातात आता कोयता हाय."

वंदना, अगं बाई, मी त्या दिवशी—

"त्या दिवशी साहेबानं इचारलं तवा तुम्ही शेंगा सोलीत व्हता, आबा. मान वर केली न्हाई. म्हणला, 'मला म्हाताऱ्याला काय ठाव, वाडवडलांपासून ऐकत आलोय.' मी मातीत बसल्या जागून तुमचं तोंड बघत व्हते. तुम्ही उठला न्हाईत."

उठलो होतो, वंदना—

"न्हाई, खोटं कशाला बोलू? उठला व्हता तुम्ही. नंतर. शाल घालून घ्यायला."